सागाचा म्हैसासुर

सावरीच्या लाकडाला बाजारात कुत्रं विचारत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घराला घालावं तर कीड, चुलीत घालावं तर नुसता धूर. पण झाड म्हणून बघाल तर सावरीसारखं देणारं झाड हरसूलच्या डोंगरात शोधून सापडायचं नाही. फाल्गुनात पानं झडून अंगभर लाल फुलं येतात, त्यांच्या कळ्यांची भाजी होते. पोट बिघडलं की तिचा डिंक ताकातून देतात. बोंडं तडकली की कापूस उडायला लागतो, तो गोळा करून बायका उशा भरतात. शिमग्याला होळीच्या मधोमध उभी करायची ती सावरच. आणि बोहाड्याच्या उत्सवातली सोंगं, म्हणजे देव-राक्षसांचे ते मोठाले लाकडी मुखवटे, तेसुद्धा सावरीचेच. का? तर ती हलकी. सुपाएवढा मुखवटा डोक्यावर बांधून माणूस तासभर नाचतो, ते काय उगीच?

हे सगळं चिमाजीला पाठ होतं. साठी उलटलेला माणूस, जन्म त्याच डोंगरात गेलेला. तरीही त्यानं जे व्हायचं ते होऊ दिलं. आता बोला!

चिमाजीच्या घराण्याकडं म्हैसासुराचं सोंग, म्हणजे तो मुखवटा घालून नाचायचा मान होता. बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी देवळापुढच्या पटांगणात जगदंबा आणि म्हैसासुर यांची लढाई होते. संबळ घुमतो, पिपाणी किंचाळते, म्हैसासुरानं देवीला तीनदा मागं रेटायचं आणि मग तिच्या लाकडी तलवारीनं पडायचं. देवीच्या हातून मरण येईपर्यंत मुखवटा काही झालं तरी उतरता कामा नये. उतरला, तर सोंग त्या घरातून गेलं. हनुमानाचं सोंग एका घरातून असंच गेलं होतं. त्या घरचा म्हातारा पुन्हा कधी पटांगणात फिरकला नाही, बोहाड्याच्या दिवसांत लेकीकडं पेठला जाऊन बसायचा. चिमाजीनं ते डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळं ‘जिवात जीव आहे तोवर म्हैसासुर मीच’ असं तो येता-जाता ऐकवायचा. मुलाला नाच शिकवायचं नाव काढलं तरी गुरकावायचा.

जुना मुखवटा भुंग्यानं पोखरला होता. त्यात नवल काहीच नाही. सावर हलकी, म्हणून तिला कीड लागणारच, आणि म्हणून प्रत्येक पिढीनं नवा मुखवटा करायचा, अशीच रीत. बांधावर सावर उभी होती. नारळ फोडायचा, झाडाची माफी मागायची, एक जाड फांदी उतरवायची, संपलं. पण नाशकाहून मुलाचा, दीपकचा, फोन आला. तो सातपूरला कंपनीत कामाला.

“आबा, यंदा मुखवटा माझ्याकडून. आणि सावरीचा नको हं, सागाचा करू. इथं जुनी घरं पाडतात ना, त्यातल्या तुळया बघून ठेवल्यात मी. एकदाच करू. नातवाच्या नातवापर्यंत काही व्हायचं नाही त्याला.”

सागाचा! चिमाजीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हरसूलच्या बाजारात जो भेटेल त्याला त्यानं ते सांगितलं. भाजीवाल्याला सांगितलं, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं. मुखवटे कोरणारा सुनील सुतार तर हरखूनच गेला. जन्मभर ती मऊ सावर खरवडलेली, आता पहिल्यांदा सागाला पटाशी लावायला मिळणार! त्यानं तुळया जोडल्या, कोरल्या, घासल्या, वर वॉर्निश चढवलं. बाप, लेक आणि सुतार, तिघांपैकी एकाच्याही डोक्यात वजनाची गोष्ट आली नाही, कारण ज्या डोक्यावर ते बसणार होतं ते डोकं तेव्हा हवेत होतं. जुना मुखवटा रीतीप्रमाणं नदीत सोडून दिला. परतीची वाट बंद.

नवा मुखवटा लढाईच्या आदल्या दिवशी दीपकबरोबर टेम्पोतून आला. टेम्पोवाल्या दोघांनी दोन बाजूंनी धरून तो ओट्यावर ठेवला. शिंगं बघावीत, डोळे बघावेत, लवलवती जीभ बघावी! सगळी आळी गोळा झाली. “वा रे दीपक, नाव काढलंस बापाचं,” असं चहूकडून सुरू झालं. चिमाजी पुढं झाला, मुखवट्याला हात जोडले आणि उचलायला गेला.

मुखवटा ओट्यावरनं हललाच नाही.

दुसऱ्यांदा त्यानं कंबर कसली, तेव्हा कुठं तो छातीपर्यंत आला. चिमाजीच्या मानेतून एक कळ अशी गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. गेल्या सालीच नाशकातल्या डॉक्टरनं बजावलं होतं: मणका झिजलाय, पाण्याचा हंडासुद्धा उचलायचा नाही.

“कसा झालाय, आबा?” दीपकनं विचारलं. त्याचा चेहरा फुलला होता.

“झ्याक!” चिमाजी म्हणाला आणि मुखवटा हळूच खाली ठेवला.

लोकांना काही कळलं नाही, पण सरूबाईला कळलं. चाळीस वर्षांचा संसार तिचा. नवरा कुठल्या दुखण्यात कसा हसतो हे तिला माहीत होतं. घरात आल्या आल्या तिनं गाठलं.

“नाकापरीस मोती जड झाला म्हना की.”

“गप बस.”

“अवो, पोराला सांगा. डाक्टर काय म्हनला व्हता?”

“पोराचं त्वांड बघितलंस का? किती हौसेनं आणलंय त्यानं. अन् आता सांगून उद्या सकाळी काय डोक्यावर परात बांधून नाचू?”

“नाचूच नका की मंग.”

“अन् सोंग जाऊ दिऊ? त्या हनुमानावाल्यासारखा पेठला जाऊन बसू?”

सरूबाईनं खोबरेल गरम केलं आणि त्याची मान चोळून दिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की इथं तोंड दाबणारा हात चिमाजीचा स्वतःचा होता.

सकाळी पटांगण माणसांनी भरलं. डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर मुखवटा, मागून पंच्यानं करकचून बांधलेला. बांधताना म्हाताऱ्याची मान दबलेली सुनीलच्या नजरेला आली असावी, कारण तो हळूच म्हणाला, “बाबा, जपून.” पण तेवढ्यात संबळावर टिपरी पडली आणि म्हैसासुर पटांगणात उतरला.

आत काय चाललं होतं म्हणून सांगावं! वॉर्निशच्या वासानं डोकं भणभणलेलं. बघायला दोन नाकपुड्यांची भोकं, त्यातून दिसणार किती? लोकांचे पाय आणि देवीच्या लुगड्याचा काठ. सावरीच्या मुखवट्यात माणूस मान फिरवतो, शिंगं झुलवतो, लहान पोरांवर धावून जातो. इथं मान फिरवायची तर सगळं अंग फिरवावं लागत होतं. तरीही चिमाजीनं पहिला रेटा पुरा केला. जगदंबेचं सोंग गोरक्षकडं होतं. तिशीतला गडी, तब्येतीनं दणकट आणि स्वभावानं अगदी गाय. तो देवी होऊन रीतीप्रमाणं मागं सरला. लोकांनी आरोळी ठोकली.

दुसऱ्या रेट्याला निघाला तेव्हा चिमाजीचा डावा हात मुंग्या येऊन बधिर झाला. आणि तेव्हा त्याला खरी भीती वाटली. सोंग जाण्याची नव्हे, आपण जाण्याची. इथंच कोसळलो तर? दीपकला काय वाटेल? जन्मभर तो म्हणत राहील, मीच माझ्या बापाच्या डोक्यावर दगड ठेवला. नको रे देवा, नको! मुखवटा काढावा तर सोंग जातं, न काढावा तर जीव जातो. सुटकेची वाट एकच, आणि ती होती देवीच्या तलवारीखाली.

मग काय, म्हैसासुर मरण मागायला देवीच्या मागं लागला.

“मार रं,” तो आतून म्हणाला. “गोरक्षा, मार!”

संबळ असा कडाडत होता की गोरक्षला स्वतःचं नाव ऐकू आलं नसतं. त्यानं बघितलं, म्हातारा अंगावर चालून येतोय. अजून तर दीड रेटा बाकी. वडीलधाऱ्या माणसाचा नाच अर्धवट तोडायचा म्हणजे केवढं पाप! तो आदरानं मागं सरला. चिमाजी आणखी पुढं गेला. गोरक्ष आणखी मागं. चिमाजी मान पुढं काढून तलवारीशी न्यायचा आणि गोरक्ष झटकन तलवार बाजूला घ्यायचा, बाबांना लागू नये म्हणून!

लोक वेडे झाले. असा म्हैसासुर कुणी बघितलाच नव्हता. जगदंबेला पटांगणभर पळवतोय! दोन-चार म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, सागाचं तेज बघा. दीपक मोबाईल वर धरून शूटिंग घेत होता आणि शेजारच्याला सांगत होता, “माझे आबा!”

फक्त सरूबाई बघत होती पाय. चिमाजीचा डावा पाय जमिनीवरून फरफटत चालला होता. आरतीची ताटं घेऊन कडेला उभ्या राहिलेल्या बायकांना ढकलत ती पुढं आली. लढाई चालू असताना आत पाऊल टाकायचं नाही, म्हणून कडेवरूनच ओरडली, “गोरक्षाऽ, आटप की रं!” पण तिचा आवाज पिपाणीनं गिळून टाकला.

चिमाजीला आता देवीच्या लुगड्याचा काठसुद्धा दिसेना. उभं राहणं संपलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी मुखवटा घट्ट धरला, गुडघे टेकले आणि म्हैसासुराची शिंगं जगदंबेच्या पायांवर ठेवून दिली.

असं कधी घडलंच नव्हतं. राक्षस, आणि लढाईच्या मध्यात देवीच्या पायाशी? संबळवाल्याची टिपरी हवेतच राहिली. पिपाणी थांबली. सगळं पटांगण चिडीचूप. आणि त्या शांततेत लाकडाच्या आतून अगदी केविलवाणा आवाज आला.

“गोरक्षा, बाबा, मार की रं एकदाचा. जीव चालला माझा.”

गोरक्ष गाय असला तरी खुळा नव्हता. त्यानं हवेत उडी घेतली, गर्रकन गिरकी मारली आणि तलवारीची पात हलकेच म्हैसासुराच्या पाठीला टेकवली. चिमाजी जो आडवा झाला, तो असा झाला की शेतातली पेंढीसुद्धा इतक्या आनंदानं पडत नसेल.

“उदो उदो!” पटांगण दणाणलं.

गर्दीतून एक शंका निघालीच. गावात शंकेखोर नसेल तर ते गाव कसलं? “पण तीन रेटे कुठं झाले?”

आरतीचं ताट धरलेल्या गोजराबाईनं त्याला तिथंच गप्प केलं. गावातली सगळ्यात वयस्कर बाई ती. “मेल्या, राक्षस आपून व्हऊन देवीच्या पायाशी आला, अन् तू रेटे मोज. मुखवटा डोक्यावर हाय का नाय? देवीनं मारला का नाय? मंग झालं तर!”

म्हणजे सोंग राहिलं. आडवा पडलेल्या चिमाजीनं ते ऐकलं आणि आतल्या आत देवीचे, गोजराबाईचे आणि गोरक्षचे पाय धरले.

पंचा सोडायला दीपक धावत आला. गाठ सुटली, त्यानं एकट्यानंच मुखवटा ओढून काढला, आणि त्याच्या वजनानं तोच धपकन खाली बसला. मांडीवर ते लाकूड, समोर बापाचा घामानं भिजलेला, पांढराफटक चेहरा. त्याला सगळं एका क्षणात कळलं.

“आबा... हे डोक्यावर घेऊन नाचलात तुम्ही? बोललात का नाही?”

“तू एवढ्या हौसेनं आणलंस. म्हटलं, पोराची हौस मोडू नये.”

“मोडायची होती हो हौस!” दीपकला रडूच फुटलं. चारचौघांत, मोबाईल कुठं पडला त्याचीही शुद्ध नव्हती. “तुम्हाला काही झालं असतं, तर मी काय केलं असतं?”

चिमाजीनं डावी मूठ उघडली, मिटली. मुंग्या उतरत होत्या. वर निळंशार आभाळ होतं आणि त्यातून सावरीचा कापूस तरंगत चालला होता. कितीतरी वर्षांत त्यानं असं उताणं पडून आभाळ बघितलं नव्हतं.

“काय झालं नाय रं मला,” तो म्हणाला. “लय हलकं वाटतंय.”

सरूबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. एका हातानं त्याची मान चोळत होती आणि तोंडानं दोघांचाही उद्धार करत होती. सुनील सुतार मान खाली घालून म्हणाला, “बाबा, हा देवळात भिंतीवर लावू, पूजेला. नाचायचा मी सावरीचाच कोरतो. पावसाळ्याआधी फांदी उतरवू.”

“उतरव,” चिमाजी म्हणाला. आणि जन्मात कधी जे तोंडातून निघालं नव्हतं ते बोलून गेला. “माप मात्र दीपकच्या डोक्याचं घे.”

सरूबाईचा चोळणारा हात थांबला. दीपकनं डोळे पुसले.

“मला येत नाही, आबा. तुम्ही कधी शिकवलंच नाही.”

“मरायचं तेवढं अवघड असतंय, ते आत्ता बघितलंस. बाकीचं संबळ शिकवतो. ऊठ.”

“आत्ता?”

“मंग काय पुढल्या जन्मी? ए संबळवाल्या, वाजव जरा, हळू.”

लोक आरतीला निघून गेले होते. मोकळ्या पटांगणात जीन्स घातलेला दीपक लाजत लाजत उभा राहिला, आणि टिपरी पडली तसं त्यानं एक पाऊल टाकलं. चिमाजी बायकोच्या मांडीवर डोळे मिटून पडला होता. मान वळवायची सोय नव्हती, पण धुळीत आपटलेल्या पायाचा आवाज त्यानं बरोबर ऐकला.

“डावा!” तो ओरडला. “आधी डावा, गाढवा!”