माती झोपत नाही

बबनरावांना फोनवर बोलता येत नसे. एरवी कृषी केंद्राच्या पायरीवर बसून ते कापसाच्या भावावर बोलू लागले की त्यांचा आवाज एस.टी. थांब्यापर्यंत जाई. पण निकिता नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून तिचा फोन आला की जिभेवर कोणी दगड ठेवावा तसे त्यांचे होई. "हं." "जेवलीस?" "वावरातली पऱ्हाटी बरी हाये." आणि मग, ओंजळीतला निखारा दुसऱ्याच्या ओंजळीत टाकावा तसे घाईघाईने, "घे, आईले देतो." फोन कोकिळाबाईंच्या कानाला लागला की ते मात्र तिथून हलत नसत. दाराच्या चौकटीला पाठ टेकून मायलेकींचे बोलणे ऐकत बसत.

हीच पोर लहानपणी त्यांच्या मागोमाग धुऱ्याने, शेताच्या बांधावरून, वावरात येई. पुढे बाप, मागे लेक, दोन्ही बाजूंना तूर. तेव्हा बोलण्याची गरज दोघांपैकी कोणालाच पडत नसे. चालणे हेच त्यांचे बोलणे होते. फुलसावंगीपासून पुण्यापर्यंत असा एकही धुरा जात नाही, एवढेच काय ते दुःख होते, आणि ते सांगण्याजोगे नव्हते.

दिवाळीत निकिता आली ती नवा लॅपटॉप घेऊन. नवी वस्तू घरात आली म्हणून कोकिळाबाईंनी आधी हळदीकुंकवाची कोयरी आणली आणि उघड्या पडद्याच्या वरच्या कडेला, बरोबर मधोमध बोट टेकवले.

"आई! थो कॅमेरा हाये! त्याले कुंकू लावते का कोणी?"

"डोळा हाये म्हणते ना? मंग डोळ्याच्या वरतं लावते," म्हणत कोकिळाबाईंनी पदराने कॅमेरा पुसला आणि कुंकू बोटभर वर सरकवले. "अन् कोणासाठी आणलं व हे?"

"बाबासाठी."

बबनराव हसले. "मले कायले? मी का आता तहसीलदार होऊन राह्यलो?"

"खेळाले."

"घ्या!" कोकिळाबाई म्हणाल्या. "कापूस वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या, अन् मालक घरी बसून खेळतीन!"

निकिताने आईकडे लक्ष दिले नाही. ती खाटेच्या काठावर, वडिलांच्या समोर बसली. "बाबा, एक खेळ हाये. त्याच्यात जमीन हाये, डोंगर हायेत, नद्या हायेत. तुमी इथून यायचं, मी पुण्याहून येईन. दोघंबी एकाच जागी. सोबत चालू."

"एकाच जागी म्हंजे कुठी?"

"त्याच्यात."

बबनरावांनी बंद खोक्याकडे पाहावे तसे त्या काळ्या पडद्याकडे पाहिले.

"भाऊबीज झाली का मी जाते," निकिता म्हणाली. "तवरिक शिकले तर शिकले. नाही तर आपलं 'आईले देतो' हायेच." ती हसत म्हणाली खरी, पण 'आईले देतो' हे शब्द तिने हुबेहूब त्यांच्याच आवाजात म्हटले होते. ज्या शब्दांना आपण निसटण्याची वाट समजत होतो, ते तिकडे, त्या दूरच्या खोलीत, दर वेळी नीट ऐकले जात होते, हे बबनरावांच्या ध्यानात आले आणि त्यांनी मान खाली घातली.

"दाखव," ते म्हणाले आणि टेबलापाशी येऊन बसले.

पहिला नकार यंत्रानेच दिला. बोंडांच्या काट्यांनी आणि विळ्याच्या मुठीने राठ झालेले त्यांचे बोट त्या गुळगुळीत चौकोनावर कितीही फिरवले तरी पडद्यावरचा बाण जागचा हलेना. "हे माह्या बोटाले ओळखतच नाही," ते ओशाळून म्हणाले. निकिताने पिशवीतून माऊस काढला. डाव्या हाताला पुढे चालण्याचे बटण सापडेना, तेव्हा तिने आईच्या पाकिटातली लाल टिकली सोडवून त्या बटणावर चिकटवली. "हे दाबलं का पाय चालते. उजव्या हातानं मान फिरवायची."

आणि मग धुके आले.

धुक्यातून एक डोंगर उभा राहिला. आधी नव्हता, मग होता. त्याच्या पायथ्याशी गवत पसरत गेले, गवतामधून पाणी चमकले, पाण्यापलीकडे झाडी उमटली, आणि झाडीमागे धुके अजून काही विचार करीत असल्यासारखे थांबून राहिले. सृष्टी घडून चुकल्यावरच माणूस जन्माला येतो. ती घडताना कोणी पाहत नाही. बबनराव ती घडताना पाहत होते. त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला.

"कोणाचं वावर हाये हे?" त्यांनी हळूच विचारले.

"कोणाचंच नाही."

"सातबारा कोणाच्या नावानं?"

"बाबा, इथं सातबाराच नाही."

आयुष्यभर त्यांनी अशी एक वीतही जमीन पाहिली नव्हती जिला कोणाचे नाव नाही. धुरा हातभर सरकला म्हणून एका ताटात जेवलेले भाऊ एकमेकांच्या मयतीला न गेलेले त्यांनी पाहिले होते. आणि इथे, क्षितिजापर्यंत, कोणीच कोणाला अडवायला उभे नव्हते. टेबलाखाली त्यांनी आपल्या नकळत पायातल्या चपला काढल्या, खळ्यावर पाय ठेवताना काढतात तशा, आणि मगच अंगठ्याने टिकली दाबली. निकिताने ते पाहिले.

ते चालले. पाण्यात पडले, बाहेर आले. गाई दिसल्या तर थांबून विचारू लागले, "बैल नाही का व इथं?" मान वर करून कितीतरी वेळ नुसते आभाळ पाहत राहिले.

"सूर्य चौकोनी काहून हाये?"

"बनवणाऱ्याले गोल जमला नसन."

"जमला नाही तरी लावला बाप्पा त्यानं," बबनराव म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात चेष्टा नव्हती.

"बाबा, तुमी नुसते पाहूनच राह्यले. इथला दिवस लहान असते. अंधार पडाच्या आत लाकूड तोडून घर बांधा लागते. रातच्याले मेलेले माणसं फिरतेत, मारून टाकतेत."

पण बबनरावांनी एक टेकडी चढायला घेतली होती आणि तिच्या पलीकडे काय आहे हे पाहिल्यावाचून त्यांना परतता येईना. ते झाडांपाशी पोचले तेव्हा चौकोनी सूर्य डोंगराआड गेला होता आणि खोडांवर निळी सावली चढू लागली होती.

"तोडा बाबा! बटन दाबून धरा, लवकर!"

बबनरावांनी माऊसवरचा हात उचलला.

"काय झालं?"

"दिवस बुडाला."

"म्हणून तर म्हणते!"

"दिवस बुडाल्यावर झाडाले हात लावत नसतेत, निकू. झोपले ते."

"बाबा, हे चित्र हाये."

"हो. दिसून राह्यलं मले."

तरी हात खाली येईना. घराबाहेर अंगणात दुपारचे ऊन लख्ख पडले होते, कोकिळाबाई ओसरीवर कापसातला कचरा निवडत होत्या. पण या खोलीत, या पडद्यापुरती, संध्याकाळ झाली होती, आणि ती खरी होती. तापाने फणफणलेल्या लेकरासाठी दिवेलागणीनंतर कडुलिंबाचा पाला हवा असला तर त्यांची आई आधी झाडासमोर हात जोडून 'माफ कर बाप्पा' म्हणे आणि मगच डहाळीला हात लावी. इथे तर ताप कोणालाच नव्हता.

गुरगुरणे ऐकू आले. अंधारातून एक हिरवा देह हात पुढे करून आला, पडदा लाल झाला, आणि बबनराव मेले.

"राहू द्या!" निकिता उठली. "तुमच्याच्यानं नाही होत. मी आईलेच शिकवते." ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि चहाचे भांडे गरजेपेक्षा जोरात आदळले.

बबनराव एकटेच बसले. म्हणजे इथेही 'आईले देतो'. फक्त या खेपेला ते तिने म्हटले होते.

पुन्हा उठण्याचे बटण तिने आधीच दाखवून ठेवले होते. त्यांनी ते दाबले. जिथून निघाले होते तिथेच ते उभे राहिले. रात्र अजून संपली नव्हती. मेलेल्याला इतक्या सहज परत घेणारी ही कोणती जागा असेल? समोर झाडे गाढ झोपलेली. मागे, दूर कुठेतरी, तेच गुरगुरणे. आणि मान फिरवता फिरवता त्यांची नजर पायांखाली गेली.

माती.

शेतीची वीज मध्यरात्री यायची त्या दिवसांत त्यांनी कितीतरी रात्री ओलित केले होते. बॅटरीच्या उजेडात पाणी सरीत सोडले की माती कशी चुळबुळत, बुडबुडत पिते, हे त्यांना ठाऊक होते. गाव झोपते, गोठा झोपतो, झाडे झोपतात. माती झोपत नाही.

त्यांनी बटण दाबून धरले. मातीचा एक चौकोन निघाला, त्याखालचा निघाला, आणखी एक. ते खाली खाली गेले. मग मान वर करून निघालेल्यांपैकी एक चौकोन, निकिताने खेळताना दाखवले होते तसा, डोक्यावर बसवला.

सगळे काळे झाले.

वर कोणीतरी चालत गेले. थांबले. निघून गेले. बबनराव मातीच्या पोटात श्वास रोखून बसले, आणि हळूहळू त्यांना कळले की ही जागा आपल्या ओळखीची आहे. फक्त आपण कधी आत आलो नव्हतो. उभ्या आयुष्यात लाखो वेळा त्यांनी सरकी, कापसाचे बी, मातीत टोबली होती, वरून पायाने माती लोटली होती आणि पुढे गेले होते. आत मागे राहणाऱ्याचे पुढे काय होते, त्याला काय ऐकू येते, हे विचारायचे कधी सुचले नव्हते.

निकिता चहा घेऊन आली. काळा पडदा पाहून तिचा चेहरा उतरला. "बंद केला?"

"नाही. मी आत हावो."

"कुठी आत?"

"मातीत. माती कुठी झोपते?"

मग तिने कप खाली ठेवला आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. बाप आणि लेक त्या अंधाराकडे पाहत बसले. दोघांपैकी कोणी काही बोलले नाही, आणि कितीतरी वर्षांनी ते न बोलणे जड वाटले नाही.

"आता पाहा उघडून," ती कुजबुजली.

त्यांनी डोक्यावरचा चौकोन काढला. प्रकाश एकदम आला नाही; आधी गवताच्या पात्यांच्या कडा उजळल्या, खड्ड्याच्या काठावर, खालून पाहताना झाडांएवढ्या उंच. त्यांच्यामागे विझत चाललेली चांदणी. आणि मग, कोणाच्याही मालकीचा नसलेला तो चौकोनी सूर्य.

बबनरावांचे ओठ हलले. "असं दिसत असन त्याले."

"कोणाले?"

"सरकीले. पह्यल्या दिवशी."

भाऊबीज झाली. पुसदहून पुण्याची गाडी पकडून निकिता गेली. लॅपटॉप कोनाड्याशेजारच्या टेबलावर राहिला. टिकली राहिली, कॅमेऱ्याच्या वरचे कुंकू राहिले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला. भाकरी थापत असलेल्या कोकिळाबाईंनी सवयीने पिठाचा हात पुसून पुढे केला. पण फोन आलाच नाही. बबनरावांनी तो स्पीकरवर टाकून लॅपटॉपशेजारी ठेवला होता. पडद्यावर, टेकडीच्या कडेकडेने, दोन माणसे एकामागे एक चालली होती.

"बाबा, लाकूड घेऊ का थोडं?"

"दिवस बुडून राह्यला. नको लावू हात."

"बरं. मंग?"

"इकडे ये, माह्या मागं. खड्डा मोठा करून ठेवला हाये मी. दोघं मावतो."

एकामागे एक दोघे खाली उतरले. बबनरावांनी वरची माती ओढून घेतली. पडदा काळा झाला. तिकडे पुण्यातही तो काळा झाला असणार. फोनमधून दूरच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या, आणि त्यांच्या अलीकडे, अगदी जवळ, एक ओळखीचा श्वास.

बराच वेळ आवाज नाही म्हणून कोकिळाबाईंनी चुलीजवळून विचारले, "ठेवला काय जी फोन?"

"नाही," बबनराव म्हणाले. "बोलून राह्यलो."