दादाच्या हाताचा गुण

मित्रांनो, खाटेखाली सरकवलेल्या लोखंडी पेटीत, वाकडे खिळे आणि सुट्या नटबोल्टांखाली जी जुनी पक्कड पडली आहे, ती मी. माझी एक मूठ उघडी पडली आहे, दुसरीवर लाल रबराचा तुकडा अजून तग धरून आहे. तोंड उघडायला मला आता जोर लागतो. पण आज उघडलंच आहे, तर सगळं सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं, जबड्याला दाते पाडले. मग मी एका दुकानात खिळ्याला लटकत राहिले. एके दिवशी एक मिस्त्री आले. त्यांनी मला दोनदा उघडमीट करून पाहिलं, मान डोलावली आणि पिशवीत टाकलं. त्याच खेपेत त्यांनी बायकोसाठी गरम भांडी उतरवायची पक्कडही घेतली. आम्ही दोघी एकाच पिशवीतून एकाच घरी आलो. दोघींचं नाव एकच, पण उंबऱ्यातच वाटणी झाली. ती आत स्वयंपाकघरात गेली, मी बाहेर दुकानात राहिले. ती बायकांची आणि मी पुरुषांची. असं कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

मिस्त्रींच्या घरात पुढे दुकान होतं आणि मागे राहायच्या दोन खोल्या. पंखे, इस्त्र्या, पाण्याच्या मोटरी दुरुस्तीला येत. मोटर जळालेली असली की आतली काळी पडलेली तांब्याची तार मी ओढून काढायची. मग मिस्त्री नवी तार गुंडाळत, वेढे खाचांत बसवत, दोऱ्याने आवळत आणि वरून वार्निश लावत. या कामाला वाइंडिंग किंवा मोटर बांधणं म्हणतात. ते डोळ्यांत तेल घालून करावं लागतं. जोडणी चुकली की मोटर नुसती गुरगुरते, तापते आणि पुन्हा जळते.

मिस्त्रींना दोन मुलं. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकट्या मुलीला धाकटीच म्हणत. मिस्त्री दादाला शेजारी बसवून शिकवत. दादा वाईट नव्हता, पण त्याचं लक्ष रस्त्यावर असे. मला तो असा धरायचा, जणू दुसऱ्या कुणाची छत्री सांभाळतोय. धाकटी चहा घेऊन यायची आणि कप रिकामा होईपर्यंत थांबायची. पुढे पुढे कप रिकामा झाला तरी तिचा पाय निघेना. एकदा मिस्त्री बाहेर गेले असताना तिने मला उचललं आणि जळक्या मोटरीतली तार एकही खाच न दुखावता काढून ठेवली. मिस्त्रींनी येऊन दादाची पाठ थोपटली. तेव्हा दादा लहान होता, खरं बोलायचा. तो म्हणाला, मी नाही, हिने केलं.

मिस्त्री हरखले. त्या दिवसापासून त्यांनी धाकटीला शिकवायला सुरुवात केली. मित्रांनो, आम्हा हत्यारांना माणसाचा चेहरा फारसा कळत नाही, पण मूठ कळते. काही मुठी धसमुसळ्या असतात, काही घाबरट. धाकटीच्या मुठीत गेलं की मला हायसं वाटायचं. हवा तेवढाच दाब, एक रती जास्त नाही. संध्याकाळी ती मला पुसून बिजागरीत तेलाचा थेंब सोडायची. तसे लाड मिस्त्रींनीही कधी केले नव्हते.

मग एक दिवस लाँड्रीवाला आपली मोटर न्यायला वेळेआधीच आला. मोटर धाकटीच्या मांडीवर उघडी होती आणि मी तिच्या हातात. लाँड्रीवाला दारातच थबकला. त्याने मिस्त्रींना विचारलं, की माझी मोटर तुम्ही पोरीला भातुकली खेळायला दिलीत काय? मिस्त्रींनी समजावलं, पण त्याने अर्धवट झालेली मोटर तशीच गोणीत भरून नेली. नेली ती नेलीच, वर चार गिऱ्हाइकांना सांगितलं. ते चार दुसरीकडे गेले.

मिस्त्रींनी त्या आठवड्यात दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये एक जाड पडदा लावला. धाकटी पडद्याआड बसू लागली. दादा पुढे बसू लागला. मोटर पुढून आत जायची, दुरुस्त होऊन पुढे यायची, आणि दादा ती फडक्याने पुसून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. पुढे मिस्त्रींचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून तर सगळंच काम पडद्याआड गेलं. लोक म्हणत, बापाचं नाव राखलं पोराने, दादाच्या हाताला गुण आहे. ते ऐकलं की धाकटीची मूठ माझ्याभोवती आवळली जायची. आधी दादा खाली मान घालायचा. मग हसायला लागला. मग त्याला ते खरंच वाटायला लागलं.

धाकटीने एकदा वडिलांना विचारलंही होतं, की असं किती दिवस? मिस्त्री म्हणाले, तुला मी ओळखतो ना, मग झालं तर. ती पडद्याआड परत गेली. तिला ते पुरेसं वाटलं असावं. वडिलांना ठाऊक आहे, या एका गोष्टीवर तिने कितीतरी मोटरी गुंडाळल्या.

एके दुपारी शहराबाहेरच्या मोठ्या कारखान्यातले एक साहेब दुकानात आले. त्यांच्या पंपाचं काम इथे झालं होतं. बाहेरून नामांकित लोक आणूनही तो पंप टिकत नव्हता, इथून नेल्यापासून कुरकुर नाही. ज्याने हे वाइंडिंग केलं त्याला आमच्याकडे कायमचं घ्यायचं आहे, असं ते म्हणाले. मिस्त्रींनी दादाला पुढे केलं. साहेबांनी दादाशी हात मिळवला.

पडदा सरकला. धाकटी मला हातात घेऊनच बाहेर आली होती. बोटांना वार्निश, केसांत दोऱ्याचं टोक.

"साहेब, तुमचा पंप मी बांधलाय," ती म्हणाली. "बाबांना विचारा."

साहेबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता. धाकटी वडिलांकडे बघत होती, आणि तिच्या मुठीत भीती नव्हती, मित्रांनो. ती अगदी निवांत होती. वडिलांना ठाऊक होतं ना.

मिस्त्री हसले. "चेष्टेखोर आहे पोरगी," ते म्हणाले. "लाडाने शेफारलीय. जा ग, साहेबांना चहा टाक."

तिची मूठ सैल पडली आणि मी फरशीवर आदळले. माझ्या मुठीचं रबर तेव्हाच फाटलं. साहेबांनी वाकून मला उचललं आणि दादाच्या हातात दिलं.

धाकटी आत गेली. तिने चहा टाकला. चहा चांगला झाला होता म्हणे.

दादा कारखान्यात लागला. थोड्याच दिवसांत तो मोटरी गोणीत घालून घरी आणू लागला, कारण तिथे त्याने बांधलेली पहिलीच मोटर सुरू होताच जळाली होती. मिस्त्रींनी धाकटीची विनवणी केली, की भावाच्या पोटावर पाय देऊ नकोस. तिने काही मोटरी बांधून दिल्या. मग एक दिवस दादाने गोणी तिच्यापुढे ठेवली आणि सहज म्हणाला, ही जरा लवकर कर, साहेब माझी वाट बघतात. तिने मला उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि खाली ठेवलं.

"मला नाही येत," ती शांतपणे म्हणाली. "बायकांना यातलं काय कळतं?"

आईने समजावलं, मिस्त्री रागावले, दादाने आधी शपथा घातल्या, मग शिव्या. ती बधली नाही. कारखान्यात चार मोटरी जळाल्यावर दादाला गोदामात नेऊन बसवलं. घराने धाकटीशी बोलणं टाकलं. सख्ख्या भावाचं बरं तिला बघवलं नाही, असं आई शेजारणींना सांगे. ज्याने तिचं सगळं घेतलं त्याची दया आली सगळ्यांना, आणि ही ठरली घरभेदी. लवकरच तिचं लग्न लावून दिलं. जाताना तिने मला मागितलं नाही. दुकान बंद झालं, पडदा गोधडीच्या आत गेला आणि मी पेटीत.

गंज कसा चढतो ठाऊक आहे? तो आवाज करत नाही. आधी बिजागरी कुरकुरते, मग कुरकुरायचीही थांबते.

आता अलीकडची गोष्ट. मिस्त्री अंथरुणाला खिळले आहेत. त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला होता. दादाने माणूस बोलावला होता, तो आज येतो उद्या येतो करत होता. तेवढ्यात धाकटी वडिलांना बघायला आली. त्यांना घामाने भिजलेलं बघून तिने खाटेखालची पेटी ओढली. मला बाहेर काढलं. तिच्याही हातांवर आता शिरा दिसत होत्या. तेल घालून, हळूहळू चाळवून तिने माझं तोंड मोकळं केलं. मेन बंद करून ती स्टुलावर चढली. वरची तार जळून तुटली होती. तिने जळकं टोक माझ्या धारेने कापलं, नवं सोलून पीळ दिला. हात मंदावला होता, पण दाब तोच. हवा तेवढाच. पंखा फिरला. मिस्त्रींच्या कपाळावरचे केस उडायला लागले.

तेवढ्यात शेजारचे काका डोकावले. अरे वा, असं म्हणून त्यांनी पंख्याकडे पाहिलं. शेवटी दादानेच केला ना, हाताला गुण होता त्याच्या, उगाच गोदामात सडवलं, ते म्हणाले.

मिस्त्री कोपरावर उठायची धडपड करू लागले. "दादा नाही," ते म्हणाले. "हिने. सगळं हिनेच. सगळ्या मोटरी हिच्या."

काकांनी धाकटीकडे बघून हळूच डोळे मिचकावले. म्हणाले, वय झालं ग यांचं, काहीही बोलतात, मनावर घेऊ नकोस. मग मिस्त्रींच्या खांद्यावर थोपटत मोठ्याने म्हणाले, "हो हो मिस्त्री, हिनेच केल्या. पडा आता."

मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर काकांना पटलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. ती बोलली नाही. तिने मला पेटीत ठेवलं, पेटी खाटेखाली ढकलली आणि ती हात धुवायला गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी पक्कड असेल तर तिला तेल द्या, ओल्यात टाकू नका. आणि जिच्या हातात ती शोभते, तिच्या हातातून काढून घेऊ नका. कुणाचं काम असेल त्याचं नाव त्याच दिवशी, चार लोकांसमोर, मोठ्याने घ्या. पुढे कधीतरी घेऊ म्हणून ठेवू नका. लोखंडाचा गंज घासून निघतो. खरं गंजलं की ते सांगणाऱ्यालाच लोक वेडा म्हणतात.