ओळखपत्रातली मेंढी

लियुजीच्या बाजारातली रांग त्या सकाळी शाओच्या नूडलच्या दुकानापासून सुरू झाली होती, ती पार धान्याच्या गोदामाला वळसा घालून पलीकडे गेली होती. आमच्याकडे बारा जनावरं पाळीपाळीनं एकेका वर्षावर बसतात, आणि ज्या वर्षी जन्म, ते माणसाचं जनावर. कुत्र्याचं वर्ष लागायला तीन आठवडे उरले होते. मांस खारवायचं होतं, दारावर लाल कागद चिकटवायचे होते, शहरातून सुट्टीला येणाऱ्या पोरांची अंथरुणं उन्हात घालायची होती. ती सगळी कामं टाकून निम्मं गाव लुओ गुरूंच्या तंबूपुढे थंडीत पाय आपटत उभं होतं.

गुरूंचा थाटच तसा होता. अंगात घोट्यापर्यंत रेशमी झगा, डोक्यावर कोल्ह्याच्या केसांची टोपी, पुढ्यात विटेएवढं जाड पिवळं पंचांग. समोर माणूस बसला की ते त्याच्या कपाळाकडे पाहत, डोळे मिटत, मग पंचांग स्वतःकडे धरून जरासं उघडत आणि काही न विचारता सांगत, "तुम्ही डुक्कर. जन्म वसंतातला. तारीख सतरा." समोरचा चाट पडे. भर बाजारात तोंडावर डुक्कर म्हटल्याबद्दल तो वाकून आभार मानी आणि अठ्ठ्याऐंशी युआन काढून देई.

त्यानंतर स्वभाववर्णन आणि भविष्य. "वरून कडक दिसता, पण आतून मऊ. लोकांसाठी झिजता, लोकांना त्याची जाणीव नाही. येत्या वर्षी जवळचंच एक माणूस तुमच्यावर जळेल. पोटाला जपा." हे मी त्यांना उंदराला सांगताना ऐकलं, बैलाला सांगताना ऐकलं आणि कोंबड्यालाही सांगताना ऐकलं. आपल्या कष्टांची सगळ्यांना जाणीव आहे असं मानणारा माणूस लियुजीत अजून जन्मायचा आहे. हे मी खात्रीनं सांगते, कारण चाळीस वर्षं या गावात जे जन्मले ते माझ्या हातून जन्मले. मी ताओ, इथल्या दवाखान्यातली सुईण, आता निवृत्त.

या बारा जनावरांनी मला नोकरीभर छळलं आहे. दोन हजार साली ड्रॅगनचं वर्ष होतं. ड्रॅगन म्हणजे राजयोग, म्हणून ज्याला त्याला त्याच वर्षी मूल हवं होतं. एकेका खाटेवर दोन-दोन बायका झोपवून मी ते राजे जगात आणले. पुढे ते सगळे एकाच शाळेत, तीन जणांच्या बाकावर पाच-पाच जण, असे दाटीवाटीनं वाढले. त्या वर्षी ते सगळे एकदम कॉलेजच्या परीक्षेला बसणार होते, आणि जागा होत्या तेवढ्याच होत्या.

तर त्या सकाळी मी शाओकडे तिखट सूप पीत बसले होते, तेव्हा तानबाई गाद्या-रजयांचं दुकान बंद करून लगबगीनं आल्या. मागे त्यांचा मुलगा झीयुआन, त्याची ठरलेली बायको यानरू आणि यानरूची आई. झीयुआन ट्रॅक्टर दुरुस्त करतो, यानरू प्राथमिक शाळेत शिकवते. दोघांचं चार वर्षं जमलेलं होतं आणि वसंतात लग्न होतं. तानबाईंना त्याआधी फक्त गुरूंचा होकार हवा होता. मीही वाडगा घेऊन तंबूच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

टेबलामागच्या बाईला ओळखपत्रं दाखवून त्यांनी नंबर घेतला. ती बाई स्वतःला गुरूंची शिष्या म्हणवत असे, पण ज्या आवाजात ती गुरूंना चहा पिऊन घ्यायला सांगे, तो आवाज बायकोचाच होता.

गुरूंनी यानरूच्या कपाळाकडे पाहिलं, पंचांग उघडलं आणि चेहरा पाडला. "मेंढी," ते म्हणाले. "तीही ऐन हिवाळ्यातली. रानात गवताची काडी नसते तेव्हाची मेंढी. जिथं जाईल तिथलं खाईल. नवरा वाघ असला तरी वाळेल. सासऱ्यांचं काय होईल ते माझ्या तोंडून वदवू नका."

"गुरुजी, काहीतरी चुकतंय," यानरूची आई म्हणाली. "पोर घोड्याच्या वर्षातली आहे. बाराव्या महिन्यातल्या अष्टमीची."

तानबाईंनी हात पुढे केला. "कार्ड दाखव गं."

कार्डावर छापलं होतं, ८ डिसेंबर १९९१. ते वर्ष मेंढीचं, यात वादच नव्हता.

"वा, विहीणबाई," तानबाई म्हणाल्या. "मेंढी खपत नाही म्हणून घोडा सांगितलात होय? गुरूंनी न सांगता ओळखलं म्हणून बरं. नाहीतर माझा नवरा गेला असता आणि मी तुमच्याच पोरीच्या गळ्यात पडून रडले असते."

"मी खोटं बोलत नाही हो."

"तुम्ही नाही, मग काय सरकार खोटं बोलतं?"

यानरूनं तानबाईंकडे पाठ फिरवली. तिनं झीयुआनकडे पाहिलं. "चार वर्षं ओळखतोस मला. मी काय खाल्लं तुझं?"

झीयुआन बुटांकडे बघत म्हणाला, "आई, घरी जाऊन बोलू ना."

मला त्याचा इतका राग आला की सूप त्याच्या अंगावर ओतावंसं वाटलं. हा माझ्या हातून जन्मला तेव्हाही रडायला दोन मिनिटं लावली होती यानं. दुपारपर्यंत तानबाईंनी यानरूच्या घरून आलेली दारू आणि मिठाई परत पाठवली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं होतं की यानरूच्या आईनं मेंढी घोडा म्हणून विकायला काढली.

दुसऱ्या दिवशी यानरू माझ्याकडे आली. रडली नाही. खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "मावशी, मी नक्की कधी जन्मले?"

"तुझ्या आईला कळा लागल्या तेव्हा मी अष्टमीची खीर खात होते," मी म्हणाले. "आठ धान्यांची. अर्धा वाडगा खिडकीत ठेवून धावले, परत आले तेव्हा त्याचा दगड झाला होता. एक्याण्णवचा जानेवारी, तेवीस तारीख. आपलं नवं वर्ष फेब्रुवारीत, ते लागायला अजून तीन आठवडे होते. तू घोडाच."

"मग कार्ड?"

"तुझ्या बाबांनी तुझं नाव नोंदवलं तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तेव्हा सगळेच असं करत. कारकुनानं साल विचारलं, बाबा म्हणाले एक्याण्णव. महिना आणि दिवस विचारला, तर म्हणाले बारावा महिना, अष्टमी. त्यानं लिहिलं डिसेंबरची आठ. तिथीची तारीख करून टाकली आणि तुला जवळजवळ एक वर्ष उशिरा जन्माला घातलं."

एवढं बोलले आणि माझीच ट्यूब पेटली. मी उठून उभी राहिले.

"यानरू, त्या गुरूला तारे-ग्रह दिसत असते, तर त्याला घोडा दिसला असता. तुझ्या कपाळावर लिहिलेलं असतं, तरी घोडाच दिसला असता. मेंढी या जगात एकाच ठिकाणी होती. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाची चूक त्याला कुठून कळली?"

ती हळूच म्हणाली, "कार्डावरून."

गाडीचं तिकीट असो, बँक असो, सिमकार्ड असो, आम्हाला कुणी हात पुढे केला की आम्ही कार्ड ठेवतो. तंबूबाहेर नंबर देणाऱ्या बाईनं हात पुढे केला तेव्हाही सगळ्यांनी ठेवलं होतं. ती ते बघे आणि मोबाइलवर बोटं चालवी. शिष्या नंबर लिहून ठेवते आहे असंच सगळ्यांना वाटे, आणि मलाही तसंच वाटलं होतं.

त्या दुपारी आधी शाओला पाठवलं. शाओला नाटक येत नाही, पण विसरभोळा म्हणून त्याची ख्याती आहे. कार्ड घरी राहिलं म्हणाला. बाई म्हणाली, कार्ड नाही तर नंबर नाही. हा तिथंच गळा काढून बसला, तेव्हा लोकांनीच त्याला आत ढकललं. गुरूंनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं, पंचांग उघडलं, परत पाहिलं, परत उघडलं.

"तुमच्याभोवतीचा वारा आज गढूळ आहे," ते म्हणाले. "उद्या या. येताना ओळखपत्र आणा."

"वाऱ्याला ओळखपत्र कशाला लागतं?" शाओनं विचारलं. रांगेत दोन-चार जण हसले.

मग मी गेले. कार्ड दाखवलं, नंबर घेतला, समोर बसले. आमची पूर्वीची तोंडओळख नव्हती. गुरूंनी डोळे मिटले, पंचांग उघडलं.

"वाघीण," ते गरजले. "मार्च महिना, तारीख अकरा. तुमच्यापुढे नवऱ्याची बोलायची टाप नव्हती."

लोकांनी माना डोलावल्या, कारण नवऱ्याबद्दलचं खरं होतं. पण त्यासाठी पंचांग कशाला हवं, शेजारी पुरे झाले असते.

"गुरुजी, माझ्या आईनं मला बावन्न साली जन्म दिला," मी म्हणाले. "ड्रॅगनचं वर्ष. सुईणीच्या वर्गाला वय कमी पडत होतं म्हणून बाबांनी कागदावर दोन वर्षं वाढवली. वाघीण फक्त माझ्या कार्डावर आहे. तुमच्या ग्रहांना बाबांची लबाडी कुणी सांगितली?"

"बाई, जन्माची गूढं..." त्यांनी पंचांग मिटायला घेतलं.

ओल्या, निसटत्या बाळांना धरण्यात माझं आयुष्य गेलं आहे. ते पंचांग मी एका हिसक्यात घेतलं. मधली दोनशे पानं चौकोनी कोरलेली होती आणि त्या खळग्यात मोबाइल झोपला होता. पडद्यावर माझं नाव, माझी जन्मतारीख, त्याखाली 'वाघ', आणि त्याहीखाली बायकोचा निरोप की म्हातारी खवट दिसते, जपून. मी तो शाओच्या हातात दिला आणि त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला.

मी स्टुलावर चढले. "ज्यांच्या कार्डावरची तारीख खोटी आहे त्यांनी हात वर करा."

आधी कुणी हलेना. मग कसायाचा हात वर गेला, सैन्यात जाण्यासाठी बापानं त्याचं वय वाढवून लिहिलं, असं त्याची आई सांगे. मग पोस्टातल्या बाईचा, मग एकेक करून अकरा हात वर गेले.

"गुरूंनी तुम्हाला कुठलं जनावर सांगितलं? घरचं की कार्डावरचं?"

"कार्डावरचं," कसाई म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

तो खाली बघायला लागला. "वाटलं, आईच्याच लक्षात चुकीचं राहिलं असेल."

ज्या बाईनं नऊ महिने पोटात वागवलं तिला हा दिवस आठवत नाही, आणि तीन दिवसांपूर्वी टेम्पोतून उतरलेल्या माणसाला तो कपाळावर वाचता येतो. त्या गर्दीतल्या अकरा जणांनी मनातल्या मनात आपापल्या आईला खोटं ठरवलं होतं, आणि बाराव्या आईला, यानरूच्या आईला, तर भर बाजारात ठरवलं गेलं होतं. मी हे सगळं त्यांना तसंच्या तसं ऐकवलं, आवाज चढवून ऐकवलं. गुरू तोवर टोपी विसरून टेम्पोकडे निघाले होते. पोलीस ठाण्यापर्यंत त्यांना कसायानं सोबत केली.

कथा इथं संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी तानबाई यानरूच्या दारात हजर. हातात मिठाईचा डबा आणि वर एक नवी रजई. मीही तिथं चहाला होते.

"विहीणबाई, झालं गेलं विसरा," त्या म्हणाल्या. "लबाड मेला. आपली पोर घोडाच. आणि आपला झीयुआन वाघ, वाघ-घोड्याची जोडी म्हणजे काय विचारता, याहून चांगली जोडी नाही. तेवढं कार्ड दुरुस्त करून घ्या, म्हणजे कुणी बोलायला नको."

मी कपाळावर हात मारून घेतला. गुरूचं पंचांग मी उघडलं होतं, पण बाईंच्या डोक्यातलं पंचांग शाबूत होतं. गुरूनं चुकीचं जनावर सांगितलं, एवढाच त्यांच्या मते त्याचा गुन्हा होता.

यानरूची आई आनंदानं मिठाई घ्यायला उठली, तशी यानरू म्हणाली, "आई, बस." मग ती तानबाईंना म्हणाली, "माझ्या वर्गात अर्धे वाघ आणि अर्धे ससे आहेत. वाघ रडतात आणि ससे चावतात. मी कार्ड बदलणार नाही. लग्नाच्या नोंदीत डिसेंबरची आठ तारीखच लागेल. मेंढी चालत नसेल तर घोडाही येणार नाही." आणि दाराशी उभ्या असलेल्या झीयुआनला विचारलं, "तुला काय म्हणायचंय? इथंच बोल, घरी जाऊन नको."

तो पुन्हा बुटांकडे बघायला लागला. मी मनात आकडे मोजत होते. बराच वेळ लागला, पण या वेळी तो बोलला.

"परवा मी गप्प बसलो, ती माझी चूक. आई, माझं लग्न यानरूशी आहे. ती मेंढी असली तरी."

"आणि तुझ्या बाबांना काही झालं तर?" तानबाई म्हणाल्या.

"मग सिगारेटी कमी करायला सांग त्यांना."

वसंतात त्यांची नोंदणी झाली. लग्नाच्या लाल पुस्तिकेत ८ डिसेंबर १९९१ असंच छापलेलं आहे. सासरे अजून ठणठणीत आहेत आणि सिगारेटी ओढतच आहेत.

मग वर्ष सरत आलं, आणि तानबाई एक दिवस लाल साखर घेऊन माझ्याकडे आल्या. सुनेचे दिवस नव्या वर्षाच्या आगेमागे भरत होते.

"ताओताई, तुम्ही जाणत्या," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दोन दिवस आधी झालं तर कुत्रा, नंतर झालं तर डुक्कर. डुक्कर बरं, खाऊनपिऊन सुखी. डॉक्टरांना सांगून जरा थांबवता येईल का? तुमचा काय अंदाज, कुठलं जनावर होईल?"

मी साखर ठेवून घेतली आणि बाईंना जवळ बसवलं. "हे बघा," मी म्हणाले, "चाळीस वर्षांत मी सहा हजार बाळंतपणं केली. प्रत्येक बाळ मी स्वतः उजेडात धरून नीट पाहिलं. त्यात एकही जनावर नव्हतं."