आधी रिकामी खोली

मी एक जुना गायगर काउंटर आहे, मित्रांनो. डब्यासारखं अंग, वर मूठ आणि पुढे एक नळी. डोळ्यांना न दिसणारे किरण त्या नळीत शिरले की मी 'टक्' करतो. एवढंच मला येतं.

माझी मालकीण इस्पितळात कामाला होती. एक्स-रेच्या खोलीतून किरण बाहेर झिरपत नाहीत ना, हे ती तपासायची. दाराच्या फटीवरून मला फिरवताना तिचा हात कधी घाई करत नसे. नव्या माणसांना ती एकच शिस्त लावायची, "आधी रिकामी खोली ऐका. घर मुळात किती बोलतं ते कळल्याशिवाय पाहुण्याला बडबड्या म्हणू नका."

कारण मी कधीच पुरता गप्प नसतो. किरण आकाशातून येतात, मातीतून येतात, विटांतूनही येतात. ग्रॅनाइटच्या पायरीवर मी जरा जास्त बोलतो. केळ्यातही ते असतात, तुमच्या अंगातही. पण इतके थोडे, की मला पत्ता लागत नाही.

पुढे नवी यंत्रं आली. मला भंगारात जाऊ न देता मालकिणीने घरी आणलं. कपाटावर मी धूळ खात राहिलो.

मग ती आजारी पडली. हाडांच्या तपासणीसाठी तिला किरणोत्सारी औषध टोचलं. तिची मुलगी गरोदर होती. "आजचा दिवस लांब राहा," डॉक्टर तिला म्हणाले. पण तिसऱ्या दिवशीही मुलगी उंबऱ्यापाशीच खुर्ची टाकून बसली. शेवटी तिने मला खाली काढलं, नवे सेल घातले आणि हात लांब करून आईजवळ धरलं.

टक्... टक् टक्.

ती झटकन मागे सरली. "आई, अजून वाजतंय गं!"

"वाजणारच. ते कुठे माझ्यासारखं मोडीत निघालंय?"

"चेष्टा नको ना."

"रिकामी खोली ऐकलीस?"

मुलीने नकारार्थी मान हलवली.

"इस्पितळभर शिकवत फिरले, आणि घरचीच कोरी राहिली! जा, बाहेर ऐकून ये."

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. टक्... टक् टक्. तीच चाल. मुलगी बराच वेळ ऐकत राहिली. परत येऊन तिने आईजवळ ऐकलं. काही फरक नव्हता. औषध केव्हाच ओसरलं होतं. उरला होता तो जगाचा रोजचा आवाज.

तिने मला बंद केलं, पलंगावर बसली आणि आईचा हात आपल्या पोटावर ठेवला.

"अगं, लाथ मारली!" मालकीण हसली. "हे मोजायचं यंत्र नाही हो माझ्याकडे."

नातवंडाला मांडीवर घ्यायला ती राहिली नाही. पण त्या दुपारनंतर ती खुर्ची उंबऱ्यापाशी कधी दिसली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला ठेवून देताना सेल तेवढे काढा; ते पाझरले की आमचं पोट गंजतं. भीती वाटली तर जरूर मोजा, डॉक्टरांनी सांगितलेलं अंतरही पाळा. मात्र मोजून झालं की मला बंद करा, आणि आपल्या माणसाजवळ जाऊन बसा.