ट्रंक वाळेपर्यंत

भरती कचेरीच्या समोरच्या दुकानात ट्रंका रंगवून मिळत. नव्या रंगरूटाने छावणीत जाताना स्वतःची पत्र्याची ट्रंक न्यावी, ती काळी असावी आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव-नंबर असावा, असा सरकारी नियम होता. नियम कोणी केला ते दुकानदाराला माहीत नव्हतं, पण तो माणूस जिथे असेल तिथे सुखात राहो, असं त्याला मनापासून वाटे. दुकानदाराला सगळे मेजर म्हणत.

रंग वाळायला पाऊण तास लागायचा. तोवर गिऱ्हाईक समोरच्या बाकावर बसून राही. भरती झालेला माणूस पाऊण तास नुसता बसला की घाबरायला लागतो, आणि घाबरलेला माणूस ओल्या रंगाला हात लावून बघतो. म्हणून मेजरने सल्ला द्यायला सुरुवात केली. आधी अक्षरं वाचवायला. मग त्याला त्याची चटकच लागली.

"बूट आत्तापासून घाल. जेवताना घाल, अंघोळ सोडून सगळीकडे घाल. नवे बूट आणि कवायतीचा नवा उस्ताद, दोघं पहिल्या आठवड्यात चावतात. रांगेत पुढे उभं राहायचं नाही, मागेही नाही. मध्ये हरवून जायचं. उस्तादाने विनोद केला तर हसायचं नाही. का हसला नाहीस म्हणून विचारलं, तर मात्र लगेच हसायचं. कुलपाच्या दोन किल्ल्या. एक खिशात, एक गळ्यात."

आणि शेवटी, आवाज खाली आणून: "घरून पत्र आलं तर दहा आठवडे फोडायचं नाही. घ्यायचं, ट्रंकेच्या तळाशी टाकायचं, कुलूप लावायचं. शपथविधी झाला की काय ती सगळी एकदम वाच आणि रड हवा तेवढा. उस्तादाच्या शिव्यांनी कोणी पळून जात नाही रे. पत्रांनी जातात."

हे मेजरला अगदी आतून माहीत होतं, कारण तो स्वतः पळून आला होता. त्याची लष्करी कारकीर्द एकोणीस दिवसांची. विसाव्या दिवशी आईचं पत्र आलं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, तुझं तोंड बघायला मिळेल असं वाटत नाही. तो भरदुपारी कुंपण ओलांडून घरी आला, तर आई दारात शेजारणीबरोबर खिदळत बसलेली. पुढे ती बावीस वर्षं जगली, आणि त्यात तिला साधी शिंकही आली नाही. छावणीने त्याचा शोधसुद्धा घेतला नाही. हा अपमान त्याला जास्त लागला होता.

ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होती. तिने ती कधी भांडणातसुद्धा काढली नाही, आणि त्यांच्यात भांडणं काही कमी होत नव्हती.

त्यांची लेक त्या दुकानातच वाढली. बाकाखाली बसून तिने पाढे पाठ केले आणि पाढ्यांबरोबर बापाचा सल्लाही. एकविसाव्या वर्षी ती समोरच्या कचेरीत गेली, अर्ज भरून आली आणि बाकावर बसली.

"मेजरसाहेब, ट्रंक रंगवायचीय."

मेजरने तिचा नाव-नंबर तीनदा पुसून चौथ्यांदा लिहिला. रंग वाळायला ठेवला.

"आता सांगा ना. गिऱ्हाईक आहे मी."

"तुला तोंडपाठ आहे सगळं."

"असू दे. फुकट मिळतंय ते सोडू नये."

मग त्याने सांगितलं. बूट, रांग, विनोद, किल्ल्या. मागच्या खोलीच्या दारात बायको हात पुसत उभी होती. पत्रापाशी आला आणि तो थांबला. ब्रश उचलून फडक्याने पुसू लागला. बाकीच्यांच्या पोरांनी खुशाल वाचू नयेत. पण आपल्या पोरीने आपली पत्रं वाचावीत, आईच्या हातचं अक्षर बघावं, एवढी लबाडी बापाला माफ असावी, असं त्याला वाटलं. शिवाय ती त्याच्यासारखी नव्हती. ती पळाली नसती.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपलं."

ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग उठून तिने ओल्या रंगाला बोट लावलं, मुद्दाम, आणि ते बापाच्या नाकाला पुसलं.

ती गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात बायकोचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि वर्षभर तरी काढतील, असं सांगितलं. हे त्यांनी मेजरकडे न बघता सांगितलं, तेव्हाच खरं तर काय ते कळायला हवं होतं.

छावणीत फोन जमा करून घेत. अडचण असली तर कार्यालयाला कळवायचं, की ते रंगरूटाला घरी सोडत आणि मग पुढच्या तुकडीत पहिल्या दिवसापासून परत उभं करत.

"मी कळवतो," मेजर म्हणाला.

"काही नको. वर्ष आहे ना हातात? पुन्हा पहिल्यापासून घासायला लावाल तिला. मी लिहिते सगळं. तिचं ती ठरवेल. यावंसं वाटलं तर येईल."

तिने लिहिलं. मेजरने स्वतः जाऊन टाकलं. दर आठवड्याला एक.

लेकीचीही कार्डं येत. रविवारी प्रत्येकाने घरी कार्ड लिहायचं, असा तिथला हुकूम होता. मी मजेत आहे. जेवण भरपूर आहे. टाचेला फोड आला होता, फुटला. उस्तादाने काल विनोद केला, मी हसले नाही, सगळी बाबांची कृपा. आईला नमस्कार.

"बघू," बायको म्हणाली. कार्ड उलटंपालटं केलं. "माझ्याबद्दल काही नाही."

"मिळालं नसेल पत्र."

पुढच्या कार्डात लिहिलं होतं, आईची दोन्ही पत्रं मिळाली.

मेजर भडकला. "दगड झालीय कार्टी! तीन आठवड्यांत माणसाचं हे करतात?"

"ओरडू नका. भ्यायली असेल. मोठं काही झालं की लहानपणी पण ती फोडाबिडाचंच सांगायची. आठवतंय, आजी गेली तेव्हा? माझी चप्पल तुटली, माझी चप्पल तुटली."

पाचव्या आठवड्यात बायको अंथरुणाला खिळली. आता पत्र लिहायला तिला दोन दिवस लागत. मेजर कागदाखाली पाटी धरून बसे. काय लिहिलंय ते तो वाचत नसे. नवराबायकोत तेवढी रीत होती. सहाव्या आठवड्यात त्याने कार्यालयाचा नंबर फिरवला. बायकोने अंथरुणातून नुसतं बघितलं.

"ओढून आणलेली नकोय मला. कळल्यावर न येणारीला हुकूम सोडून आणाल? ठेवा तो."

त्याने ठेवला. एकोणीस दिवसांच्या सैनिकाने आयुष्यात पाळलेला हा बहुधा पहिलाच हुकूम.

आठव्या आठवड्यात, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, दुकानात एका ट्रंकेचा दुसरा हात चालू असताना बायको गेली. गिऱ्हाईक बाकावरच होतं. आत खूप शांतता आहे, हे आधी त्याच्याच लक्षात आलं.

मेजरने कार्यालयाला कळवलं. पलीकडच्या कारकुनाने नंबर विचारला. तो मेजरला चुकायची सोयच नव्हती, चार वेळा लिहिला होता.

गुरुवारी लेक आली. केस कापलेले, खांद्यावर ट्रंक. सगळं उरकेपर्यंत ती ताठ उभी होती. लोक गेल्यावर दुकानात येऊन बाकावर बसली.

"कधीपासून होतं?"

मेजरला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"आजारी कधीपासून होती? साहेब म्हणाले, बरेच दिवस. मला का नाही कळवलंत?"

"सात पत्रं टाकली मी. माझ्या हातांनी."

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं जागच्या जागी थांबलं. गळ्यातली किल्ली काढून तिने ट्रंक उघडली. कपड्यांच्या घड्या, पॉलिश, मोजे. तळाशी बुटाच्या नाडीने बांधलेला गठ्ठा. सात पाकिटं, तारखेने लावलेली, सातही बंद.

"तुम्हीच सांगता ना," ती म्हणाली. "सगळ्यांना."

"तुला नव्हतं सांगितलं. तुला तेवढंच नव्हतं सांगितलं."

"हो. मला वाटलं, तुम्हाला बोलवेना. गळा दाटला म्हणून ब्रश पुसताय. म्हटलं, बाबांना बोलता आलं नाही ना, मग हे तर आपण अगदी कडक पाळायचं." तिने गठ्ठा मांडीवर घेतला. "आमच्या खोलीतल्या सगळ्या जणींनी फोडली. मी एकटीच राहिले होते. मला त्याचा तोरा होता, बाबा."

मेजरला त्या एकोणीस दिवसांबद्दल सांगायचं होतं. खिदळणाऱ्या आईबद्दल, कुंपणाबद्दल.

लेक एकेक पाकीट तळहातावर ठेवून जोखत होती. रोज करत असावी तशी.

"पहिलं किती जाड आहे, बघा ना. दुसरंही. मग बारीक होत गेली. हे शेवटचं सोमवारी आलं, यात एक चिठोरा असेल-नसेल." तिने ते दिव्याकडे धरलं आणि लगेच खाली घेतलं. "मी म्हटलं, चला, बरं झालं. आईला माझ्या नसण्याची सवय झाली."

बाकासमोर बुधवारची अर्धी रंगवलेली ट्रंक तशीच होती. मेजरने कोरडा ब्रश उचलला, फडकं घेतलं आणि तो पुसत राहिला.