खाल्लेल्या दोन बाऱ्या

हे घडलं २०२२ सालच्या उन्हाळ्यात. बैलगाड्यांच्या शर्यतींवरची बंदी आदल्या डिसेंबरात उठली होती, आणि सात यात्रा कोरड्या गेल्यानंतर निरगुडसरच्या घाटात पुन्हा गाडे पळणार होते. गावानं चढणीचा तो पट्टा नांगरून, पाणी मारून, रोलर फिरवून गुळगुळीत केला. दोन्ही कडांना चुन्याची फक्की टाकली. वरच्या टोकाला निशाणापाशी मंडप पडला, कर्णे बांधले गेले, आणि आदल्या संध्याकाळी पुकाऱ्या हौशीरामानं माईकवर फुंकर मारून पाहिली. ती फुंकर ओढ्याअलीकडच्या घरात बसलेल्या कुशाबाईला ऐकू आली नाही. पण आली असं तिनं नातीला सांगितलं.

कुशाबाई टाव्हरे बैलगाड्याची शौकीन होती. तशी शौकीन त्या आळीत, पुरुष धरूनसुद्धा, दुसरी नसेल. आणि उभ्या जन्मात तिनं एकही बारी, घाटातली गाड्याची एकही धाव, डोळ्यांनी पाहिली नव्हती. तिच्या काळी बाया घाटात जात नसत. यात्रेच्या दिवशी पाव्हण्यांनी घर भरलेलं, चुलीवर पुरण शिजतंय, ओसरीवर उष्ट्या ताटांचा ढीग. आणि ओढ्यापलीकडून कर्णा. पहिल्यांदा देवाचं नाव, मग गाडामालकाचं, मग गावाचं. मग गप्प. ते गप्प राहणं तिला सगळ्यात आवडायचं. खाली चार बैल जुंपत असतील, पुढं घोडीवाला लगाम आवळत असेल, असं मनात धरून ती लाटणं थांबवायची. आणि मग हौशीराम ओरडायचा, "झाऽली! झाली, झाली, झाली!" बैल वर पोचेपर्यंत तिचाही श्वास अडकलेला.

"पुरुषांना विरंगुळा पारावर मिळतो," ती म्हणायची. "बाईचं हात कवा रिकामं व्हत्यात? कान तेवढं रिकामं. मंग आपली मजा कानानंच करायची."

आता ते कानच निघाले होते. डावा तर गेलाच होता, उजव्यात वारा भरल्यासारखं व्हायचं. मंचरहून आणलेलं मशीन शिट्ट्या मारायचं, म्हणून ते डब्यात पडून होतं.

पण त्या वर्षी तिला गाडे ऐकायचे नव्हते. एकच नाव ऐकायचं होतं. गोरख दगडू भोर, अवसरी बुद्रुक.

गोरख तिच्या पाठचा भाऊ. बंदीच्या आधी दर यात्रेला तो बैल घेऊन पहिल्यांदा तिच्या दारात यायचा. ती बैलांच्या कपाळाला हळदीकुंकू लावायची, ओवाळायची, पोळीचा घास भरवायची आणि भावाच्या डोक्यावरून भाकरतुकडा उतरवून टाकायची. मगच गाडा घाटात जायचा. "आक्काच्या हातचा घास पोटात गेल्याबिगर माझा रायबा पळत न्हाई," असं तो चारचौघांत सांगायचा.

२०१४ च्या यात्रेत निशाणावर पंच म्हणून तिचा नवरा भिमाजी होता. गोरखचा गाडा शेवटच्या फेरीत आला. बारी अशी आली, की मंडपातली माणसं उठून उभी राहिली. टोप्या उडाल्या. आणि भिमाजीनं लाल फडकं वर केलं.

"चाक फक्कीबाहेर गेलं," भिमाजी म्हणाला. "बारी बाद."

"दाजी, नीट बघा. चाक आतच हाय."

"मी बघितलं म्हणूनच फडकं वर केलं."

"बायकोचा भाऊ म्हणून लोक बोलत्याल, त्याला भ्यालात तुमी."

"तसं समज."

"माझी बारी खाल्लीत तुमी, दाजी," गोरख म्हणाला, आणि बैल घेऊन तिच्या दारावरून न थांबता निघून गेला. कुशाबाई ताट घेऊन उभीच राहिली.

असली भांडणं घाटात दर साली होतात आणि पुढच्या यात्रेत मिटतात. एक चांगली बारी आली, की माणूस मागचं विसरतो. पण पुढची यात्रा आलीच नाही. महिन्याभरात बंदी आली. बैल दावणीला, गाडे छपरात, आणि ती खाल्लेली बारी गोरखच्या घशात तशीच अडकून राहिली. एक भाऊबीज चुकली, दुसरी चुकली, मग चुकण्याचीच सवय झाली. २०२० च्या टाळेबंदीत भिमाजी गेला. मातीला घरची चार माणसं. गोरख आला नाही. येऊ दिलंच नसतं कुणी. पण बंदोबस्त उठल्यावरही तो आला नाही. कशा तोंडानं यायचं, हे त्याला कळत नव्हतं, आणि का येत नाही, हे तिला कळत नव्हतं. सणाला ती एक पोळी जास्त लाटायची आणि संध्याकाळी गाईला घालायची.

बंदी उठली त्या हिवाळ्यात मंचरच्या बाजारात अवसरीची प्रयागबाई भेटली होती. "भाऊ लई खंगलाय तुझा, कुशे. करोनापासून हाडाला कातडं राह्यलंय." कुशाबाईनं मेथीची जुडी उचलली, ठेवली, आणि काही न घेता एसटीत बसली.

यात्रेच्या सकाळी तिनं ताट केलं. हळद, कुंकू, निरांजन, पोळी. दारात पाट टाकून बसली. ओढ्यावरच्या पुलावरून टेम्पो जात होते, टेम्पोत झुली घातलेले बैल. एकही टेम्पो दाराशी थांबला नाही.

"आजी, मामाआजोबांचा टेम्पो मगाशीच गेला. सुदर्शनमामा पुढं बसला होता," नात हर्षाली म्हणाली.

"आन् गोरख?"

"ते नाही दिसले."

"मागं बैलांजवळ बसला असंल."

"असेल," हर्षाली म्हणाली. तिनं मोबाईल लावला. आता घाट मोबाईलवरही दिसतो. जिथल्या तिथं बसून लोक बाऱ्या बघतात. पण मोबाईलवरचं घाटाच्या जरा मागं चालतं. बैल वर पोचून पाणी पीत असतात तेव्हा इथं जुंपणी चाललेली असते. कुशाबाईला ते शिळं वाटायचं. ती ताट घेऊनच उठून मागच्या दारी गेली, उजवा कान ओढ्याकडं करून उभी राहिली.

दुपार कलली. नावं येत होती, जात होती. कुठलं धामणीचं, कुठलं पारगावचं, कुठलं नुसतंच वाऱ्यासारखं. ती एका हातानं पदर कानामागं धरून प्रत्येक शब्द ओढून घेत होती, विहिरीतनं पाणी शेंदावं तसं.

आणि मग तो आवाज आला. "काळभैरवनाथ प्रसन्न..." हे तिच्या माहेरचं दैवत. तिनं श्वास धरला. "कैलासवासी..." हौशीराम म्हणाला, आणि त्याच वेळी कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रॅक्टर पुलावर चढला. धडधडत, सगळं गिळत तो गेला. तो उतरला तेव्हा कर्णा म्हणत होता, "...गोरख दगडू भोर, अवसरी बुद्रुक."

मग ते गप्प राहणं.

कैलासवासी. गोरख दगडू भोर.

तिच्या हातातलं ताट खाली गेलं. निरांजन फरशीवर लोळलं. टेम्पोत पुढं सुदर्शन, मागं कुणी नाही. हाडाला कातडं. बापाच्या नावानं पोरगा गाडा पळवतोय, आणि बहिणीला निरोप नाही. सुतकसुद्धा पाळू दिलं नाही मला. कधी गेला असेल? मेथीची जुडी मी खाली ठेवली त्या आठवड्यात? का त्या आधीच, मी गाईला पोळी घालत होते तेव्हा?

ती ओढ्यात उतरली. चपला राहिल्या. पलीकडं कांद्याचं काढलेलं रान, ढेकळं, त्यातून ती पळत निघाली. पळणं कसलं, पडणं आणि उठणं. "गोरख्या, माझ्या लेकरा," एवढंच तोंडात. मागून हर्षाली ओरडत येत होती. मोबाईलवर तीच पुकार आता येऊन पोचली होती, सबंध, मध्ये काही न गिळलेली. पोर जिवाच्या आकांतानं ते नाव ओरडत होती, आणि कुशाबाईच्या कानात नुसता वारा होता.

घाटाच्या कडेला माणसांची भिंत. ती त्यात घुसली. "ओ म्हातारे, कुठं?" "आवो मावशी, बारी सुटतीय." कुणाचंच तिला ऐकू येत नव्हतं. पलीकडच्या कडेला, कपाळावर भंडारा माखलेला भाचा दिसला. सुदर्शन. हसत होता. बाप गेलेला पोरगा हसतोय, हे तिला इतकं असह्य झालं, की ती दोर उचलून सरळ घाटात शिरली. त्याला विचारायचं होतं. एवढंच विचारायचं होतं, कवा.

"आवो आजी, मागं व्हा! धरा त्यांना," हौशीराम माईकवर ओरडला. पण खाली बैल सुटले होते.

जन्मभर कानानं पाहिलेली बारी तिनं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. ती एवढी लहान असेल, असं तिला वाटलं नव्हतं. हौशीरामाच्या आवाजात ती केवढी लांब असायची. इथं नुसती धूळ, घोडीचे फुगलेले डोळे, चार शिंगांच्या जोड्या, आणि कुणीतरी दंडाला धरून तिला मागं ओढलेलं. घोडी बिचकली. पुढचा बैल बावरून बाहेरच्या अंगाला झुकला, गुडघ्यावर आला, उठला. गाडा तिरपा होऊन फक्कीवरून गेला आणि वर निशाणापाशी कसाबसा पोचला. सगळा घाट एकदम शांत झाला. तिच्या कानांना ते रोजचंच होतं.

खालून एक माणूस चढत येत होता. हाडाचा सापळा, डोक्यावर मळकी टोपी, हातात कासरा. मध्ये थांबून गुडघे धरत होता, परत चढत होता. कुशाबाई बघत राहिली. जवळ आल्यावर तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग त्याच हातानं फाडकन दिली.

"मेला न्हाईस व्हय रं?"

"आक्का..."

"तू मेला म्हणून ऐकलं मी. कर्ण्यात म्हणलं. कैलासवासी गोरख भोर म्हणलं."

मंडपात काही माणसं हसली. एक म्हणाला, "घ्या, गोरखभाऊ जित्तेपणी वर जाऊन आलं." मग कुणीतरी त्याला गप्प केलं.

हौशीराम खाली उतरला नाही. त्यानं काय झालं ते ओळखलं आणि तोच कर्णा, जो आता तिच्या डोक्यावर होता, त्यातून सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाला, "काळभैरवनाथ प्रसन्न. कैलासवासी भिमाजी सखाराम टाव्हरे, निरगुडसर, यांच्या स्मरणार्थ. गाडामालक, गोरख दगडू भोर, अवसरी बुद्रुक."

हे तिला ऐकू आलं. सगळंच्या सगळं. नवऱ्याचं नाव त्या कर्ण्यातून तिनं कधी ऐकलं नव्हतं. निशाणवाल्याचं नाव कोण पुकारतं?

"बारी झाल्यावर गुलालानंच दारात यायचं ठरवलं व्हतं," गोरख म्हणाला. "रिकाम्या हातानं यायला तोंड नव्हतं मला." हे त्यानं तिच्याकडं न बघता सांगितलं, आणि तिला ऐकूही आलं नाही.

निशाणावरचा पोरगा घोटाळला होता. वाटेत माणूस आलं, गाड्याचा काय दोष? कमिटीवाले म्हणाले, "गोरखभाऊ, बारी परत देतो. रात पडायच्या आत जुंपा."

गोरख खाली वाकला. फक्कीवर चाकाची रेघ उमटली होती, पांढऱ्यावर तांबडी माती. त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं. मग रायबाकडं बघितलं. बैल पुढचा पाय उचलून धरत होता.

"चाक बाहेर गेलंय," तो म्हणाला. "मी डोळ्यानं बघतोय. बाद धरा."

त्यानं कासरा खांद्यावर टाकला. उभा राहिला, बहिणीकडं बघून हसल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "दाजींनी एक बारी खाल्ली, आक्का. दुसरी तू खाल्ली."

जवळच्यांनी माना खाली घातल्या. कुशाबाईनं उजवा कान पुढं केला.

"काय म्हणला रं?"

गोरख जवळ सरकला. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला, "पाणी पी म्हणलं. दमलीस."

रायबाचा तो पाय सुधारला नाही. तो पुन्हा घाटात उतरला नाही. गोरखनं त्याला विकला नाही, दावणीलाच ठेवला, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो गोठ्यातच गेला. गोरखनं दुसरा बैल केला नाही. दर भाऊबीजेला तो निरगुडसरला यायचा, ओसरीवर बसायचा, बहिणीशी फारसं बोलायचा नाही. बोलून तिला ऐकू कुठं जाणार? दोघं दाणे खात बसायचे. २०२४ च्या थंडीत तो गेला. निरोप घेऊन सुदर्शन स्वतः आला आणि त्यानं तो पाटीवर लिहून दाखवला. सुदर्शन आता चाकणला कंपनीत आहे, रविवारी मोबाईलवर गाडे बघतो.

हर्षालीचं लग्न खोडदला झालं. आळीत कुणी ही गोष्ट काढली की ती उठून आत जाते. आपण आणखी जोरात ओरडायला हवं होतं, असं तिला अजून वाटतं.

हौशीराम अजून पुकारतो. पण आता तो कैलासवासी म्हणत नाही. पहिल्यांदा जित्या माणसाचं नाव घेतो, मेलेल्याचं मागून, आणि पुलावर ट्रॅक्टर असेल तर थांबतो.

कुशाबाईला आता कर्णा ऐकू येत नाही. यात्रेच्या दुपारी ती मागच्या दारी उभी राहते, हात भिंतीला लावून. बारी सुटली की घाटातल्या आरोळीनं भिंत जराशी हलते, असं ती म्हणते. तेवढ्यावर ती समजून घेते. त्या दिवशी गोरख घाटात नेमकं काय म्हणाला होता, ते तिला कुणी सांगितलेलं नाही.