अपक्षाचं अर्धं मिनिट

इथे कानडी मुलखात, बसवनगुडीतल्या आमच्या मराठी मंडळानं यंदा नाटकाला फाटा देऊन अभिरूप लोकसभा भरवली. सध्याच्या लोकसभेत ज्या पक्षाचं जेवढं बळ, त्याच प्रमाणात चिठ्ठ्या टाकल्या. अपक्षाची चिठ्ठी एकच होती, आणि ती नेमकी माझ्या हाती लागली.

गंमत म्हणून ठीक होतं. पण सत्ताधाऱ्यांचे नेते झालेल्या रत्नाकररावांनी ठराव मात्र खराखुरा आणला. रविवार सकाळचा मराठी वर्ग बंद करून हॉल झुंबाला द्यावा. इथे लागेल तो निकाल मंडळाला मान्य, असं अध्यक्षही सांगून बसले. तो वर्ग मी घेते. माझं डोकंच फिरलं.

बोलायची वेळही पक्षाच्या बळानुसार. त्यांना वीस मिनिटं, मला अर्धं.

"अहल्याताई, आमच्या पक्षात या ना," रत्नाकरराव गोड आवाजात म्हणाले. "पाच मिनिटं देतो. फक्त मत व्हिपप्रमाणे द्यायचं."

"अपक्ष पक्षात गेला की त्याचं सदस्यत्व जातं. स्वल्प, जरासे तरी नियम वाचून या," मी म्हटलं.

गळा काढून भाषेचं भवितव्य वगैरे सांगणं मला जमत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणाले, "हा वर्ग मी बंद होऊ देणार नाही." आणि बसले.

आवाजी मतदान झालं. 'हो'च्या ओरड्यानं हॉल दणाणला. सभापती झालेले हयवदनअण्णा 'ठराव मंजूर' म्हणणार, एवढ्यात मी उठले.

"मतविभागणी हवी. नुसत्या आवाजातून कोण कुठल्या बाजूला ते कळत नाही. वर्ग बंद करा म्हणणाऱ्यांनी उभं राहावं."

"सरी, अक्का, बरोबर. नियमात आहे," अण्णा म्हणाले.

घोळक्यात ओरडायला काय जातं? रत्नाकरराव ताडकन उठले. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत राहिले, कारण बहुतेकांची मुलं माझ्याच वर्गात येतात. चार-पाच जण उठले, तेही माझ्याकडे न बघता. रत्नाकररावांची सून केतकी त्यांच्याच पक्षात होती. तिची सिद्धी माझ्याकडे शिकते. केतकी जागची हलली नाही.

"केतकी, व्हिप आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"जाऊ दे माझी मेंबरशिप, बाबा. वर्ग बंद झाला की सिद्धी तुमच्याशी फक्त इंग्लिशमध्ये बोलेल. चालेल तुम्हाला?"

अण्णांनी मोजायला सुरुवात करायच्या आत रत्नाकरराव स्वतःच्याच ठरावाविरुद्ध खाली बसले.